उसण, पायाळू आणि पाठीचा कणा

आमच्या शहापूर-मुरबाडकडे कमरेत चमक भरली की म्हणतात, उसण भरली. आणि उसण भरली की पूर्वी आधी शोध व्हायचा तो डॉक्टरचा नव्हे, पायाळू माणसाचा. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले तो पायाळू. त्याने पाठीला पाय लावला की उसण उतरते, ही समजूत. आमच्या नात्यातली एक फुफी पायाळू होती. भाताच्या आवणीच्या दिवसांत सकाळीच कुणबी, ठाकूर, कातकरी बायाबापड्या तिच्या दारात येऊन बसत. ती पाय लावी, चहा पाजी आणि 'आज वाकू नको गं' एवढं बजावी. माझं मत विचाराल, तर गुण पायापेक्षा त्या न वाकण्याचा असावा.

आज कुणी तरुण मुलगा किंवा मुलगी मणक्यांच्या उपचाराची विद्या शिकून मुरबाडच्या बाजारपेठेत पाटी लावणार असेल, तर त्याच्या आधी तिथे ही फुफी बसून गेलेली आहे, हे त्याने विसरू नये. हाडवैद्य तर अजूनही आहेत.

हातांनी मणके हलवून उपचार करण्याच्या ज्या पद्धतीला कायरोप्रॅक्टिक म्हणतात, ती अमेरिकेतली. आयोवा राज्यातल्या डेव्हनपोर्ट गावी डी. डी. पामर नावाचा गृहस्थ चुंबकीय उपचार करीत असे. १८९५ साली त्याने हार्वे लिलार्ड या इमारतीची झाडलोट करणाऱ्या माणसाच्या पाठीचा मणका दाबला आणि त्याला ऐकू येऊ लागलं, असा दावा केला. खरं तर ऐकण्याची नस पाठीच्या मणक्यांतून जातच नाही. पण पामरने त्यावरून सिद्धांत बांधला, की माणसाचे बहुतेक सगळे आजार मणका सरकल्यामुळे होतात. विनापरवाना वैद्यकी केल्याबद्दल १९०६ साली तो तुरुंगातही जाऊन आला. पुढे या शास्त्राने बरीच काटछाट करून घेतली, अमेरिकेत त्याला कायद्याची मान्यता मिळाली, आणि कंबरदुखीत त्याचा काहींना उपयोग होतो हेही मान्य झालं. आपल्याकडे मात्र त्यासाठी वेगळी वैधानिक परिषद नाही. फिजिओथेरपीला २०२१ च्या केंद्रीय कायद्याने स्थान दिलं आहे. तेव्हा पाटीवर काय लिहायचं, हा पहिला प्रामाणिकपणा. दुसरा म्हणजे, बरा झालेला पहिला रुग्ण डोक्यात जाऊ न देणं. पामरचं तेच झालं.

याच्या उलट स्वभावाचा माणूस लंडनला होता. सर जेम्स पॅजेट, राणी व्हिक्टोरियाचे शस्त्रवैद्य. त्यांनी १८६७ साली 'हाडवैद्य बरे करतात ते रुग्ण' या विषयावर आपल्या विद्यार्थ्यांना व्याख्यान दिलं. नुसती टवाळी करू नका, असा त्याचा रोख. दुखापतीनंतर सांधा फार दिवस बांधून ठेवला की तो आखडतो. डॉक्टर घाबरतो, हाडवैद्य झटका देऊन मोकळा करतो. पण तोच हात रोगट सांध्यावर पडला तर माणसाचं वाटोळं होतं, हेही त्यांनी बजावलं. राजघराण्याच्या डॉक्टरने खेड्यातल्या अडाण्याकडून काय शिकावं आणि काय टाळावं, हे उघडपणे सांगितलं. मला हे धैर्य फार मोठं वाटतं.

लहानपणी अब्बांबरोबर म्हशाच्या जत्रेत मी एक हाडवैद्य पाहिला. बैलगाडीतून पडलेल्या पोराचा निखळलेला खांदा त्याने बोलता बोलता बसवला. नंतर एका कुबड आलेल्या, खंगलेल्या माणसाला त्याच्यापुढे बसवलं. त्याने पाठीवरून एकदा बोटं फिरवली आणि हात काढून घेतला. म्हणाला, "याला आपला हात लागायचा नाही. कल्याणला न्या." पैसे घेतले नाहीत.

तो बहुधा मणक्याचा क्षय असावा. लंडनच्या पर्सिव्हल पॉट यांनी १७७९ साली या दुखण्याचं वर्णन केलं, म्हणून आजही ते त्यांच्या नावाने ओळखलं जातं. पाठ दुखते, संध्याकाळी बारीक ताप येतो, वजन उतरतं, पुढे पाय जड पडतात. अशा पाठीला झटका दिला तर माणूस कायमचा अंथरुणाला खिळू शकतो. वेळेवर ओळखलं तर औषधांनी बरा होतो, आणि सरकारी दवाखान्यात ती औषधं फुकट मिळतात. ज्या खोलीत नवा उपचारक रुग्णाला पालथं झोपवणार, त्या खोलीत हाच खरा कसोटीचा क्षण.

मुंबईत ही विद्या आली तीही धडपड्या माणसांमुळे. मुलीला पोलिओ झाल्यावर फातिमा इस्माईल यांनी १९४७ साली पोलिओग्रस्त मुलांसाठी उपचारकेंद्र काढलं. अमेरिकेत जन्मलेल्या, लग्नाने निंबकर झालेल्या कमलाताईंनी १९५० साली महापालिकेच्या केईएम रुग्णालयात व्यवसायोपचाराची शाळा सुरू केली. पाठोपाठ तिथेच फिजिओथेरपीचीही आली. कमलाताईंच्या शास्त्रात रुग्णाला पहिला प्रश्न असतो, तुला कोणतं काम करता येईनासं झालंय?

हा प्रश्न शहापुरात विचारला की उत्तर ठरलेलं: पाणी भरणं. त्याच मुंबई महापालिकेला पाणी देणारं तानसा १८९२ पासून इथे आहे. मोडकसागर, भातसा इथलीच. आणि उन्हाळ्यात इथल्या पाड्यांवर टँकर येतो, नाही आला तर बाया डोक्यावर हंड्यावर हंडा ठेवून चढ चढतात. त्यांच्या मानेचा मणका दर आठवड्याला दाबून काय होणार?

म्हणून नव्या माणसाला माझी एक सूचना आहे. एक वही ठेवावी. दुखणं कुठे, विहीर किती लांब, हंडे किती, एवढंच लिहावं. ग्रामसभेत पाण्याचा विषय निघेल त्या दिवशी दवाखाना दोन तास बंद ठेवून तिथे जाऊन बसावं, आणि पाळी आली की उभं राहून ती वही वाचून दाखवावी, नावं वगळून.