बाळाचा हात आणि मोठ्यांची यादी : क्लारा डेव्हिस यांच्या प्रयोगाचा इतिहास

१/ इ.स. १९२६. अमेरिकेच्या क्लीव्हलँड शहरातील माउंट सायनाय रुग्णालय. नुकतेच दूध तुटलेले एक बाळ, त्याच्यासमोर तबकात मांडलेल्या वाट्या आणि शेजारी चमचा घेऊन बसलेली परिचारिका. बाळाने हात पुढे केल्याखेरीज तिने काहीही भरवायचे नाही, असा सक्त नियम होता. बालरोगतज्ज्ञ क्लारा डेव्हिस यांच्या विलक्षण प्रयोगाचा हा आरंभ.

२/ हा नियम त्या काळाच्या प्रवाहाविरुद्ध होता. एल. एमेट होल्ट यांच्या १८९४ सालच्या 'द केअर अँड फीडिंग ऑफ चिल्ड्रेन' या प्रश्नोत्तररूप पुस्तकाने बाळाचे खाणेपिणे घड्याळाला बांधले होते. हार्वर्डचे थॉमस रॉच तर दुधातील स्निग्धांश, साखर व प्रथिने टक्केवारीने ठरवून देत.

३/ ही शिस्त निव्वळ हट्टातून आलेली नव्हती. दूषित दुधाने शहरांतील असंख्य बालके दगावत होती. परंतु बाळ किती खाईल हेही डॉक्टरच ठरवू लागले, तेव्हा घरोघरी प्रत्येक घास ही लढाई झाली. शिकागोचे बालरोगतज्ज्ञ जोसेफ ब्रेनेमन यांनी या बळजबरीवर कठोर टीका केली. न जेवणारे मूल हे पुष्कळदा अति भरवण्याचेच फळ असते, असे त्यांचे मत होते.

४/ डेव्हिस यांचा प्रश्न साधा होता: कोणीही सुचवले नाही, तर बाळ काय खाईल? त्यासाठी त्यांनी ६ ते ११ महिन्यांची, वरचे अन्न कधीही न चाखलेली बाळे निवडली. आवडीनिवडी अजून घडल्याच नव्हत्या, म्हणून हेच वय.

५/ यादीत ३४ पदार्थ होते. साधे व आंबवलेले दूध, अंडी, गहू, ओट, बार्ली. सफरचंद, केळी, अननस. गाजर, बीट, पालक, कोबी, बटाटा. गोमांस, कोंबडी, मासे, यकृत, मेंदू, अस्थिमज्जा. प्रत्येक पदार्थ वेगळ्या वाटीत, मसाल्याविना, मीठही निराळे. सारे पदार्थ एकाच वेळी मांडले जात नसत, ते दिवसाच्या जेवणांत विभागलेले असत.

६/ बाळाने वाटीकडे बोट केले की परिचारिका चमचा भरी; त्याने तोंड उघडले तरच घास आत जाई. बाळाने बोटांनी खाल्ले तरी कोणी अडवत नसे, आणि कौतुक वा रागही दाखवायचा नसे. उरलेले आणि सांडलेले अन्नसुद्धा तोलून नोंदले जाई.

७/ पहिल्या दिवसांत बाळांनी चमचे, तबकाची कड आणि कागदही चावून पाहिला. लवकरच मात्र प्रत्येकाची निवड ठरू लागली, आणि कोणत्याही दोघांची निवड सारखी नव्हती. एखादे बाळ सकाळी यकृत व संत्र्याचा रस घेई, एखादे संध्याकाळी अंडी, केळी आणि दूध. कधी एकाच पदार्थाची लाट येई आणि ओसरून जाई.

८/ सर्वांत गाजलेली नोंद मुडदूस झालेल्या एका बाळाची. त्याच्या तबकात कॉड माशाच्या यकृताचे तेलही ठेवले जाई. दुखणे बरे होईपर्यंत ते बाळ आपणहून कमीअधिक तेल घेत राहिले आणि नंतर त्याने ते सोडून दिले.

९/ पुढे हे काम शिकागोच्या बालरुग्णालयात चालले. एकूण १५ मुले, ६ महिन्यांपासून साडेचार वर्षांपर्यंतचा काळ आणि जेवणांच्या हजारो नोंदी. आरंभी चौघे अशक्त होते, पाच जणांना मुडदूस होता. पुढे सर्वच मुले सुदृढ झाली.

१०/ लोकांनी यातून एक सोपा निष्कर्ष काढला: शरीराला सारे कळते. १९४६ साली बेंजामिन स्पॉक यांनी आपल्या अतिशय लोकप्रिय पुस्तकात या प्रयोगाचा दाखला दिला आणि धास्तावलेल्या मातांना धीर दिला.

११/ डेव्हिस स्वतः मात्र सावध होत्या. १९३९ च्या निबंधात त्यांनी स्पष्ट केले की, प्रयोगाची खरी मेख यादीतच आहे. तबकात साखर नव्हती, मैदा नव्हता, डबाबंद अन्न नव्हते. तेथून काहीही उचलले, तरी ते सकसच असणार होते. बाळांच्या आधी एक निवड मोठ्यांनी करून ठेवली होती.

१२/ प्रक्रिया केलेले पदार्थ मांडून प्रयोगाची दुसरी बाजू तपासण्याचा त्यांचा मानस होता. आर्थिक महामंदीत निधी आटला आणि तो प्रयोग झालाच नाही. नेमका हाच अर्धा भाग जगाच्या स्मरणातून गळाला.

१३/ दुसरी बाजू नैतिक आहे. सांभाळ करणे मातांना शक्य नसल्याने ही बाळे रुग्णालयात आली होती आणि त्यांतील काहींचे बालपण वर्षानुवर्षे तेथेच सरले. ताटात पूर्ण मोकळीक असलेल्या त्या मुलांना घर मात्र नव्हते. आजची कोणतीही नैतिक समिती अशा प्रयोगाला सहज मान्यता देणार नाही.

१४/ पुढे ब्रिटनमध्ये गिल रॅप्ली यांनी बाळाने स्वतःच्या हाताने खाण्याची पद्धत मांडली. त्यांचे ट्रेसी मर्केट यांच्यासह लिहिलेले पुस्तक २००८ साली आले. २००१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने पहिले ६ महिने केवळ स्तनपानाची शिफारस केली होती. सहा महिन्यांचे बाळ आधाराने बसू शकते आणि वस्तू तोंडाकडे नेते, त्यामुळे या पद्धतीला वाट मोकळी झाली.

१५/ घास अडकण्याची भीती रास्तच होती. न्यूझीलंडमधील ड्युनेडिन येथे २०६ मातांच्या सहभागाने झालेल्या चाचणीत, मार्गदर्शनाखाली स्वतः खाणाऱ्या बाळांमध्ये घास अडकण्याचे प्रमाण अधिक आढळले नाही. मात्र त्यांच्या पालकांना लोहयुक्त पदार्थ द्यायला आणि धोकादायक पदार्थ टाळायला शिकवले होते. म्हणजे तेथेही बाळाच्या हातामागे मोठ्यांची यादी होतीच.

१६/ किती खायचे, हे बाळाला बऱ्याच अंशी उमगते. समोर काय वाढले जावे, हे ठरवणे मात्र त्याच्या हाती नसते. साखरेच्या बिस्किटांनी भरलेले तबक पुढे करून 'बाळच निवडते' असे म्हणणाऱ्याला डेव्हिस यांचा आधार घेता येत नाही.