रद्दींतील साखर



महिनाअखेर रद्दीवाला दारांत येतो, तराजू उचलतो आणि वर्तमानपत्रांचा गठ्ठा घेऊन जातो. त्या गठ्ठ्यांत साखर आहे असें कोणी सांगितलें, तर घरांतील मंडळी हंसल्यावांचून राहणार नाहींत. परंतु ही गोष्ट रसायनशास्त्रानें दोनशें वर्षांपूर्वींच सिद्ध केली आहे. ती साखर, आणि तिच्यापासून निघणारें इंधन, आजवर आपल्या पदरांत कां पडलें नाहीं, याचा इतिहास आज सांगावयाचा आहे.

मावळांत तळेगांव दाभाड्याजवळ आंबी नांवाचें गांव आहे. भाताच्या खाचरांच्या या मुलखांत आज अभियांत्रिकी महाविद्यालयें आलीं, औद्योगिक वसाहत आली. तेव्हां एकीकडे वह्या व उत्तरपत्रिका, दुसरीकडे पुठ्ठ्याचीं खोकीं आणि तिसरीकडे भाताचा पेंढा, असे तीन पदार्थ तेथें शेजारीं शेजारीं दिसतात. रसायनज्ञाच्या दृष्टीनें हीं तिन्ही एकाच कुळांतलीं भावंडें. तिन्हींत मुख्य अंश सेल्युलोजचा, आणि सेल्युलोज म्हणजे ग्लुकोज साखरेचे असंख्य मणी एका दोऱ्यांत ओवून केलेली माळ. माळ तुटली कीं साखर मोकळी. साखरेवर यीस्ट घातलें कीं मद्यार्क तयार.

ही माळ प्रथम तोडली ती फ्रान्समधील नान्सी शहराच्या आंरी ब्राकोनो यानें, १८१९ सालीं. त्यानें कापडाच्या चिंध्यांवर गंधकाम्लाचा प्रयोग केला, आणि चिंध्यांच्या वजनाहूनही अधिक साखर त्याच्या हातीं आली. यांत जादू नव्हती. प्रत्येक मणी सुटतांना पाण्याचा एक अणुसमूह आपल्याशीं जोडून घेतो; म्हणून शंभर भार शुद्ध सेल्युलोजपासून हिशेबानें एकशें अकरा भार ग्लुकोज मिळतें. त्यापासून मद्यार्क निघतो तो अधिकांत अधिक सुमारें सत्तावन्न भार. 'सेल्युलोज' हें नांव मात्र या प्रयोगानंतर जवळजवळ वीस वर्षांनीं आन्सेल्म पायां यानें रूढ केलें.

एवढें कळल्यावर कारखाने निघावयास किती अवकाश! पण तसें झालें नाहीं. आम्ल सौम्य असेल तर माळ अर्धवट तुटते. तीव्र असेल तर सुटलेली साखरही करपून जाते, आणि भांडींही झिजतात. अमेरिकेंत पहिल्या महायुद्धाच्या सुमारास लांकडाच्या भुशापासून मद्यार्क काढण्याचे कारखाने चालले. युद्धानंतर ते मळीच्या स्वस्ताईपुढें टिकले नाहींत. जर्मनींत दोन महायुद्धांच्या दरम्यान हीच विद्या पुन्हां वर आली, कारण तेथें पेट्रोलची चणचण होती. या विद्येचा इतिहास असा टंचाईबरोबर भरती-ओहोटी खाणारा आहे. महाराष्ट्राचीही कथा निराळी नव्हे. उंसाच्या कारखान्यांतून मळी मुबलक निघत असतां कागदांतील कुलूपबंद साखरेच्या वाटेस कोण जाणार? पेट्रोलमध्यें मद्यार्क मिसळण्याविषयीं आपल्या देशांत १९४८ सालीं कायदा झाला, तोही मळीच्याच भरंवशावर.

कुलपाची खरी किल्ली सांपडली ती मात्र एका उपद्रवांत. दुसऱ्या महायुद्धांत दक्षिण पॅसिफिकच्या दमट हवेंत अमेरिकन सैन्याचे सुती तंबू व पट्टे कुजूं लागले. त्याचा शोध करतांना सॉलोमन बेटांवर एक बुरशी हातीं लागली. ती सेल्युलोज खात होती. म्हणजे आम्लानें जें काम झगडून करावें तें ही बुरशी आपल्या पाचकरसानें निमूटपणें उरकीत होती. एल्विन रीस व मेरी मँडेल्स यांनीं नॅटिक येथील लष्करी प्रयोगशाळेंत तिचा पिच्छा पुरविला. कापड वांचविण्याकरितां आरंभलेलें हें संशोधन १९७३ च्या तेलसंकटानंतर रद्दी वर्तमानपत्रांपासून साखर करण्याकडे वळलें. १९७७ सालीं त्या बुरशीस रीसचेंच नांव मिळालें. शत्रु म्हणून धरलेल्या जीवाला असा मान क्वचितच लाभतो!

आपल्या पुण्यासही या कार्यांत वांटा आहे. १९५० सालीं उघडलेल्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेंत पुढें सेल्युलोज पचविणाऱ्या बुरशींवर पुष्कळ अभ्यास झाला. प्राज कंपनीनें पुणें जिल्ह्यांतच, दौंड येथें, २०१७ सालीं शेतींतील टाकाऊ मालापासून इथेनॉल करण्याचा प्रायोगिक कारखाना उभारला. त्याच कंपनीच्या तंत्रानें पानिपत येथें इंडियन ऑइलचा मोठा कारखाना झाला. १० ऑगस्ट २०२२ रोजीं त्याचें राष्ट्रार्पण झालें. त्याची योजना भाताच्या पेंढ्यापासून दररोज एक लाख लिटर इथेनॉलची आहे.

येथें कोणी म्हणेल कीं, पेंढाच कां, रद्दी कां नको? प्रश्न रास्त आहे. किंबहुना एका अर्थानें रद्दी पेंढ्याहून सोयीची. पेंढ्यांतील सेल्युलोजला लिग्निन नांवाचा चिवट लेप असतो, आणि तो उकलण्यांतच खर्चाचा मोठा वांटा जातो. पांढऱ्या कागदाचा हा लेप गिरणीनें आधींच काढलेला असतो! वर्तमानपत्राच्या कागदांत मात्र तो बराचसा राहतो. उलट पांढऱ्या कागदांत गुळगुळीतपणासाठीं खडूची पूड घातलेली असते. ती आम्लाशीं भांडते व पाचकरसासही मानवत नाहीं. शिवाय शाई आणि गोंद आहेतच.

पण याहून मोठी अडचण नीतीची म्हणा किंवा व्यवहाराची म्हणा, अशी आहे: रद्दीपासून पुन्हां कागद होतो. पुण्यांत शिवाजीनगरास १९४० पासून हातकागदाची संस्था आहे. तेथें चिंध्यांचा कागद होतो. ब्राकोनोनें चिंध्यांची साखर केली, येथें चिंध्यांचीं लिहिण्याची पानें होतात. चांगल्या धाग्याचें इंधन करणें म्हणजे सागाच्या खांबाचें सरपण करणें होय, असें मला वाटतें. मात्र धागा पांच-सात वेळां गिरणींतून फिरला कीं आंखूड होतो, आणि धुतांना गाळांत निघून जातो. त्या गाळाचा कागद होत नाहीं. पण त्यांतील मण्यांची माळ शाबूत असते, आणि धागा आंखूड असला तरी बुरशीच्या रसाला त्याचें कांहींच वाटत नाहीं. रद्दींतील साखर काढावयाची असेल तर ती या गाळांतून काढावी. वह्या, उत्तरपत्रिका आणि धड खोकीं यांची वाट आधीं गिरणीकडेच असावी.