‘सोशिक’ या विशेषणाविषयी

मराठी समीक्षेत ‘सोशिक’ हे विशेषण स्त्रीव्यक्तिरेखांना आणि आत्मचरित्रकार स्त्रियांना इतक्या सहजतेने लावले जाते की, ते वर्णन आहे की मूल्यनिर्णय, हा प्रश्न सहसा उपस्थितच होत नाही. सोसणे ही क्रिया आहे. तिला शक्ती लागते आणि ती शक्ती केव्हातरी संपते. सोशिकपणा हा मात्र गुण मानला जातो, आणि गुणाला थकवा नसतो. क्रियेचे असे गुणात रूपांतर झाले की संहितेत नोंदलेला मनाचा शीण वाचनातून गळून पडतो, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी 1890 पासून ‘करमणूक’मध्ये क्रमशः प्रसिद्ध झाली. तिचे शीर्षकच ऐकणाऱ्याविषयी प्रश्न विचारते. आपण ती बालविवाह, वैधव्य व केशवपन या प्रश्नांवरील सुधारणावादी कादंबरी म्हणून वाचत आलो. ते वाचन योग्यच आहे, पण त्यात मोठ्या आघातांनाच महत्त्व मिळते. दोन आघातांमधले यमूचे दिवस, म्हणजे सासरी शब्द तोलून बोलणे आणि पुढे काय वाढून ठेवले आहे याची सततची धास्ती, केवळ पार्श्वभूमी ठरतात. वस्तुतः प्रथमपुरुषी निवेदनाचा मोठा भाग याच दिवसांनी व्यापला आहे.

रमाबाई रानडे यांच्या 1910 च्या ग्रंथाचे नाव ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ असे आहे. पतीच्या स्मरणासाठी लिहिलेल्या या ग्रंथात स्वतःचा शीण सांगायला ‘आमच्या’ या सर्वनामाचाच आडोसा घ्यावा लागतो. शिकते म्हणून घरातील वडीलधाऱ्या बायकांकडून सोसावे लागलेले टोमणे त्या नोंदवतात. परंतु ती नोंद न्यायमूर्तींच्या मार्गदर्शनाच्या कथनात विरून जाते आणि वाचक त्यातून संयमाचा धडा तेवढा घेतो.

सर्वांत बोलके उदाहरण 1934 पासून चार भागांत प्रसिद्ध झालेल्या लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’चे. 1857 च्या उठावानंतर लक्ष्मीबाईंच्या आईच्या वडिलांना फाशी झाली. त्या धक्क्यानंतर लक्ष्मीबाईंच्या वडिलांना सोवळ्याचे वेड लागले. घरात येणारे जिन्नस, धुण्याजोगे असोत वा नसोत, धुतले जात आणि सारे घर त्या धुण्याला जुंपले जाई. लक्ष्मीबाई हे सारे हसत सांगतात. म्हणून आपण त्याला विनोद म्हणालो. फार तर कर्मठपणाचे चित्र म्हणालो. भीतीने पछाडलेला एक माणूस आणि त्याची भीती रोज धुऊन काढणारी त्याची पत्नी, असे ते प्रकरण क्वचितच वाचले गेले.

येथे आक्षेप संभवतो की, आजची निदाने कालच्या माणसांवर लादणे हा कालविपर्यास होय. आक्षेप रास्त आहे. नानांच्या वर्तनाला आधुनिक मानसशास्त्रातील नाव देऊन फारसे काही साधत नाही. मात्र त्या काळी ते आजारपण दिसले का नाही, हा प्रश्न शुद्ध ऐतिहासिक आहे. 1912 च्या कायद्यालाही मुख्यतः इस्पितळात ठेवण्याजोगा वेडाच दिसत होता. घर चालवणारा, चारचौघांत वावरणारा त्रस्त माणूस त्याच्या कक्षेत नव्हता. शिवाय नानांच्या भीतीला विटाळाच्या कल्पनेने तयार रूप पुरवले होते. ज्या समाजात स्पर्शाची भीती हाच धर्म होता, तेथे तिचा अतिरेक आजार कसा वाटणार? जातिव्यवस्थेने एकाची व्याधी झाकली आणि त्याच घरातील बाईच्या श्रमांना कर्तव्य ठरवले.

2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरले. म्हणजे कायद्याने निदान टोकाच्या प्रसंगी तरी मनाच्या शिणाची दखल घेतली. समीक्षेचे काम त्याआधीच्या टप्प्यावरचे, रोजच्या दिवसांचे आहे. पुढच्या वेळी ‘सोशिक’ लिहिण्यापूर्वी ती बाई काय सोसत होती, कोणासाठी आणि किती काळ, एवढे तरी आपण संहितेला विचारावे. आपट्यांच्या शीर्षकातला प्रश्न समाजाला उद्देशून होता खरा. पण समीक्षकाचे काम लक्ष देण्याचेच असल्याने त्याला तो टाळता येणार नाही.