अनुभव आणि प्रमाण

प्रसूतीनंतर खोकतांना अगर शिंकतांना नकळत लघवी होणें, ही तक्रार पुष्कळ स्त्रिया लाजेनें मनांतच ठेवतात. ओटीपोटाचा तळ सांवरून धरणारे स्नायू बाळंतपणांत ताणले जातात, हें तिचें एक प्रमुख कारण. तिच्यावर व्यायामाचा उपाय कसा रूढ झाला, हा इतिहास वैद्याचा अनुभव व शास्त्राचें प्रमाण यांचें नातें स्पष्ट करणारा आहे.

लॉस एंजेलिस येथील स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. अर्नोल्ड केगेल यांनीं १९४८ सालीं आपली व्यायामपद्धति प्रसिद्ध केली. अनेक स्त्रियांना हे स्नायू कसे आंवळावे हेंच उमगत नाहीं, असें त्यांना तपासणींत आढळलें होतें. म्हणून त्यांनीं स्नायूंचा दाब काट्यावर दाखविणारें यंत्र योजिलें; आपली प्रगति स्त्रीला स्वतःच्या डोळ्यांनीं दिसूं लागली. यशाचा दावा मोठा होता. परंतु व्यायाम न करणाऱ्या स्त्रियांशीं तुलना त्यांत नव्हती. हातच्या कांकणाला आरसा कशाला, असें अनुभवी वैद्यास वाटणें स्वाभाविक आहे. पण कांहीं स्त्रिया काळानेंच बऱ्या होतात. मग श्रेय कोणास द्यावें?

आरसा पुढें आला, आणि त्यांत दोन्ही बाजू दिसल्या. १९९१ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झालेल्या ४७ स्त्रियांच्या पाहणींत, केवळ तोंडी सूचनेनंतर योग्य आकुंचन करणाऱ्या निम्म्याहून किंचित् कमी निघाल्या. सुमारें चतुर्थांश तर दुखणें बळावेल अशा रीतीनें जोर करीत होत्या. केगेल यांचें निरीक्षण खरें ठरलें.

२००१ सालीं ब्रिटन व न्यूझीलंड येथील ७४७ स्त्रियांवरील प्रयोग प्रसिद्ध झाला. प्रसूतीनंतर तीन महिन्यांनींहि त्यांची तक्रार कायम होती. वर्षअखेर ती उरलेल्यांचें प्रमाण व्यायाम शिकविलेल्यांत शेंकडा ६०, तर इतरांत शेंकडा ६९ भरलें. लाभ खरा, पण माफक. सहा वर्षांनंतरच्या विचारपुशींत तोहि फरक जवळजवळ मावळलेला दिसला.

उपायाचा गुण किती व किती काळ टिकतो, हें संख्येवांचून कळत नाहीं. समोरची बाळंतीण तो नीट करते कीं नाहीं, हें मात्र तपासणाऱ्या हातालाच कळतें. एकानें दुसऱ्यास गप्प बसविलें, तर नुकसान तिचेंच होतें.