पंचगंगेतील गळाची मासेमारी

पंचगंगेतील गळाची मासेमारी : काठी, दोरी आणि आमिष लावलेला गळ एवढ्याच साधनांनी कोल्हापूर जिल्ह्यातील पंचगंगा नदीत व तिच्या उपनद्यांत होणारी मासेमारी. सह्याद्रीत उगम पावणाऱ्या कासारी, कुंभी, तुळशी व भोगावती या चार नद्या आणि लोकपरंपरेने गुप्त मानलेली सरस्वती मिळून पंचगंगा होते. प्रयाग चिखली हे तिच्या संगमाचे ठिकाण. तिथून कोल्हापूर, रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ अशी सुमारे ८० किलोमीटर वाहत जाऊन ती नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. नदी लहान आहे, पण तिच्या काठी ऊसशेती, गुऱ्हाळे, शहरे आणि यंत्रमाग अशी दाटी आहे. भोई समाजाची जाळ्याची मासेमारी हा या नदीवरचा व्यवसाय. गळ मात्र कुणीही टाकतो : शेतकरी, सुटीवरचा कामगार, शाळकरी पोर. म्हणून मासेमारीच्या सरकारी आकड्यांत गळाला जागा मिळत नाही आणि त्याच्याकडे करमणूक म्हणून पाहिले जाते. प्रस्तुत नोंदीचे म्हणणे वेगळे आहे. गळाला कोणता मासा लागतो हे नदीत पाणी किती आहे यावर ठरत नाही, मासे किती सोडले यावरही ठरत नाही. पाणी वाहते आहे की साचले आहे यावर ते ठरते. पंचगंगेत गेल्या काही पिढ्यांत गळाचा मासा बदलला, त्याचे मूळ कारण हेच आहे.

साधन साधे असले तरी त्याची रचना माशाच्या खाण्याच्या सवयीवर बेतलेली असते. बांबूची लवचिक काठी, तिला काठीपेक्षा थोडा लांब नायलॉनचा तंगूस, तंगुसाच्या टोकाला गळ, गळाच्या वर वीतभर अंतरावर शिशाचा तुकडा आणि त्याच्याही वर तरंड. तरंडाला पूर्वी मोरपिसाचा देठ वापरत, आता थर्माकोलचा तुकडा चालतो. आमिष म्हणजे गांडूळ, कणकेची गोळी, झिंगा किंवा लहान बेडूक. तरंड कसा हलतो त्यावरून जाणत्याला मासा वर येण्याआधीच कळतो. चिलापी आमिष टोकरते, तेव्हा तरंड जागच्या जागी थरथरतो. रोहू आमिष ओठांत धरून सरकतो, तेव्हा तरंड आडवा चालू लागतो. वाम गिळते आणि दगडांच्या फटीत शिरून बसते, तेव्हा तरंड बुडून तिथेच थांबतो. अशा वेळी जोर लावला तर तंगूस तुटतो, मासा येत नाही. मरळ आमिषावर तुटून पडते आणि तरंड तिरका केंदाळाखाली ओढून नेते. जाळे समोर येईल ते गोळा करते. गळाला मात्र माशाला स्वतःहून यावे लागते. भूक, पाण्याचा वेग, तळाचा प्रकार आणि गढूळपणा जुळून आल्याशिवाय तो येत नाही. मराठीत ‘गळाला लागणे’ आणि ‘गळ घालणे’ या दोन्ही प्रयोगांत समोरच्याच्या मर्जीचा भाग येतो, तो याच अनुभवातून आला असावा. म्हणूनच गळाचा मासा नदीच्या स्थितीबद्दल जे सांगतो ते जाळ्याच्या ढिगातून तितके स्पष्ट दिसत नाही.

कृष्णा खोऱ्याच्या वरच्या अंगाचे मूळ मासे वाहत्या पाण्याचे आहेत. दख्खनच्या माशांचे पहिले शास्त्रीय वर्णन कर्नल विल्यम सायक्स याने १८३९ च्या सुमारास प्रसिद्ध केले. त्यात त्याने कित्येक जातींना इथल्या मच्छीमारांच्या तोंडची मराठी नावेच दिली. महासीराची दख्खनी जात ‘टॉर खुद्री’ आणि कोळशीची जात ‘कोलस’ ही त्यांतली. जगभरच्या शास्त्रीय ग्रंथांत ही मराठी नावे आजही त्याच अर्थाने छापली जातात. महासीराला या भागात खडस किंवा खडशी म्हणतात. जाड ओठ, हाताच्या अंगठ्याएवढे खवले, आणि दात जबड्यात नसून घशात. त्या दातांनी तो शंख-शिंपले फोडून खातो. पावसाळ्यात तो प्रवाहाविरुद्ध वर चढतो आणि दगडगोट्यांच्या तळावर अंडी घालतो. अंड्यांवरून सतत प्राणवायूयुक्त पाणी वाहावे लागते. त्यांच्यावर गाळ बसला की ती गुदमरतात. अमेरिकेतल्या लहान नद्यांवर गळवाल्यांचा आवडता असलेला स्मॉलमाउथ बास हा नात्याने अगदी वेगळा मासा, पण त्यालाही खळाळते पाणी आणि खडकाळ तळच लागतो. तो आपल्याकडे नाही आणि आणूही नये : दक्षिण आफ्रिकेत १९३७ साली शिकारीच्या हौसेसाठी सोडलेल्या या माशाने तिथल्या नद्यांतले देशी लहान मासे संपवत आणले. आपल्या नद्यांत त्याची जागा खडस आणि कोळशी यांची होती. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात १९५६ साली कोल्हापूरच्या माशांची यादी प्रसिद्ध झाली. पुढच्या बदलाचे माप काढायला अशा जुन्या याद्याच उपयोगी पडतात.

आता प्रवाहाचे काय झाले ते पाहू. राज्यभर ‘कोल्हापूर पद्धतीचा बंधारा’ म्हणून ओळखली जाणारी रचना याच जिल्ह्याची देणगी आहे. नदीत दगडी किंवा काँक्रीटचे खांब, खांबांना खाचा, आणि पावसाळा सरला की त्या खाचांत बसवायचे बर्गे, म्हणजे आडव्या फळ्या. जुन्या पद्धतीत लाकडी बर्ग्यांच्या दोन ओळी लावून मधे चिकणमाती ठासत. पावसाळ्याच्या तोंडाला बर्गे काढले की खांबांमधून पूर निघून जातो आणि बंधाऱ्याला धोका राहत नाही. कमी खर्चात पाणी अडवणारी ही रचना अतिशय हुशारीची आहे. उसाची उपसा सिंचनाची सारी शेती तिच्यावर उभी आहे. पण माशाच्या बाजूने पाहिले तर दिवाळीनंतर पंचगंगा नदी राहत नाही. एका बंधाऱ्याची फूग, म्हणजे अडलेल्या पाण्याचा फुगवटा, मागच्या बंधाऱ्याच्या पायथ्यापर्यंत पोचते आणि नदीचे एकामागोमाग एक असे लांबट तलाव होतात. खळाळ बुडतात, गोट्यांवर गाळ बसतो, शहरातून जयंती व दुधाळी नाल्यांतून येणारे सांडपाणी पुढे सरकत नाही, आणि त्या पोषणावर केंदाळ माजते. पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी विरघळतो : २० अंश सेल्सिअसला लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना सुमारे साडेसात. त्यातला बराच वाटा सांडपाण्यातले जिवाणू आणि रात्री श्वास घेणारे केंदाळ घेऊन टाकतात. उन्हाळ्यात तेरवाड बंधाऱ्याजवळ मेलेल्या माशांचा खच पडतो तो या हिशेबातून. अशा पाण्यात टिकतात ते वेगळे मासे. मरळीला हवेतला प्राणवायू घेता येतो, मांगुराला येतो, आणि १९५२ साली भारतात आणलेली आफ्रिकी चिलापी साचलेल्या पाण्यात बिनधास्त पिलावते. गळाला हल्ली लागतात ते मुख्यतः हेच.

यावर पहिला आक्षेप बंधाऱ्यांच्या बाजूने येतो आणि तो वजनदार आहे. मासे वर चढतात ते पावसाळ्यात. नेमके तेव्हा बर्गे काढलेले असतात. मग बंधारा आड कसा येतो? हे खरे आहे. पहिल्या पावसाचे ‘चढणीचे मासे’ बंधारे ओलांडून ओढ्यांत आणि भातखाचरांत पोचतात, हे गगनबावडा आणि राधानगरीच्या लोकांना सांगायला नको. परंतु चढण हा माशाच्या वर्षाचा थोडाच भाग आहे. आषाढ-श्रावणात जन्मलेल्या पिल्लाला पुढचे आठ महिने जगायचे असते, आणि ते त्याला साचलेल्या, गाळाच्या पाण्यात काढावे लागतात. शिवाय उपनद्यांच्या माथ्यावर कायमची धरणे आहेत. राजर्षी शाहू महाराजांनी हाती घेतलेले भोगावतीवरचे राधानगरी हे त्यांतले पहिले, आणि पुढे तुळशी, कुंभी व कासारी या नद्याही अडल्या. या धरणांना बर्गे नसतात. तिथे चढण कायमचीच संपते. म्हणजे खालून बंधाऱ्यांनी प्रवाहाचा काळ तोडला आणि वरून धरणांनी त्याचा रस्ता तोडला.

दुसरा आक्षेप असा की हे बंधारे नसते तर उन्हाळ्यात नदी कोरडीच पडली असती, आणि कोरड्या नदीत कुठला मासा? हा आक्षेप अर्धा मान्य करावा लागतो. धरणांतून सुटणाऱ्या पाण्याने आणि बंधाऱ्यांच्या साठ्याने नदी बारमाही दिसते, आणि मरळीसारख्या माशाचा त्यात फायदाच झाला आहे. पण पूर्वी उन्हाळ्यात मासे जगत ते डोहांत. डोह खोल, सावलीचा, आणि एका बाजूने बारीक धार आत घेऊन दुसऱ्या बाजूने सोडणारा असतो. बंधाऱ्याची फूग त्या डोहाला आपल्यात सामावून घेते खरी, पण ती बारीक धार बंद करते. म्हणून बंधारे पाडा असे म्हणण्याचे कारण नाही. प्रत्येक बंधाऱ्यात एखाद्या गाळ्याचे वरचे बर्गे न बसवता सतत थोडे पाणी खाली पडू दिले, तर पडत्या पाण्यात प्राणवायू मिसळतो आणि बंधाऱ्याखालचा पट्टा जिवंत राहतो. त्याचा सिंचनाला फटका किती बसेल हे त्या त्या बंधाऱ्याच्या साठ्यावर ठरेल, आणि ते मोजता येण्यासारखे आहे.

तिसरे म्हणणे सर्वांत जास्त ऐकू येते : मासे संपले ते हावरटपणाने, सुरुंग लावले, विष टाकले, बारीक आसाची जाळी ओढली. हे प्रकार झाले आणि होतात. स्फोटकांनी किंवा विष घालून मासे मारणे १८९७ च्या मत्स्य कायद्यापासून गुन्हा आहे, याचा अर्थ ही खोड तेव्हाही होती. पण हेच मुख्य कारण असते तर जिथे मासा मारतच नाहीत तिथे तो सुखरूप असायला हवा. महाराष्ट्रात असे डोह आहेत. महाडजवळचे काळ नदीवरचे वाळणकोंड आणि वाडा तालुक्यातले वैतरणेवरचे तिळसे इथे देवाच्या नावाने महासीर राखले आहेत, आणि ते आजही भाविकांच्या हातचे मुरमुरे खायला वर येतात. इंद्रायणीवर देहूलाही तुकोबांच्या श्रद्धेने मासे राखलेले होते. तिथे कुणी गळ टाकत नव्हते, तरीही अलीकडच्या वर्षांत तिथे महासीर मरून तरंगले. श्रद्धा तिन्ही ठिकाणी सारखीच होती. फरक पाण्याचा होता. इंद्रायणीवर दोष प्रदूषणाचा, प्रवाहाचा नव्हे, असे कुणी म्हणेल. पण सांडपाणी पातळ करणे आणि त्यात पुन्हा प्राणवायू मिसळणे ही दोन्ही कामे प्रवाहच करतो. पंचगंगा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रदूषित नद्यांच्या यादीत आहे, आणि नाल्यांचे पाणी शुद्ध केल्यावाचून गत्यंतर नाही. तरी त्याच नाल्याचे पाणी पावसाळ्यात वाहत्या नदीत आले तर मासे मरत नाहीत आणि एप्रिलमध्ये साचलेल्या नदीत आले की मरतात, हे विसरता येत नाही.

मत्स्यबीज सोडून नदी पुन्हा भरता येईल, या आशेचेही तसेच. कटला, रोहू, मृगळ हे मुळात गंगा खोऱ्यातले मासे दक्षिणेच्या तलावांत व नद्यांत सोडले गेले आणि गळवाल्यांनाही ते मिळतात. परंतु हे मासे साचलेल्या पाण्यात आपणहून वीत नाहीत. त्यांना पुराचे वाहते पाणी लागते. म्हणून तर १९५७ साली हिरालाल चौधुरी यांनी पीयूषिका ग्रंथीच्या अर्काचे इंजेक्शन देऊन त्यांना विण्यास लावले, तेव्हा तो भारतीय मत्स्यशेतीतला मोठा टप्पा ठरला. लोणावळ्याला टाटांच्या मत्स्यकेंद्रात महासीराचेही बीज तयार होते. पण दरवर्षी बीज विकत आणावे लागते, यातच नदी स्वतः वीत नाही ही कबुली आहे. शिवाय चुकीच्या नदीत सोडलेला चांगला मासाही घातक ठरतो. दख्खनी महासीर कावेरीत सोडला गेला आणि तिथल्या मूळच्या कुबड्या महासीराची जागा त्याने घेतली. तो कुबड्या महासीर आज नामशेष होण्याच्या कडेला आहे.

राहिला तो स्वतः गळवाल्याचा वाटा. साचलेल्या पाण्यात मरळ फोफावली, पण तिच्याबाबत गळ जाळ्यापेक्षा जास्त घातक ठरू शकतो. मरळीची जोडी पाणवनस्पतींत घरटे करते, आणि पिल्ले बाहेर पडल्यावर आई-बाप दोघेही त्यांच्यासोबत राहतात. श्वास घ्यायला वर आलेल्या पिल्लांचा तांबूस पुंजका पाण्यावर लांबूनही दिसतो. त्याच्याजवळ बेडूक टाकला की राखणीला असलेली मरळ भुकेने नव्हे, पिल्लांच्या रक्षणासाठी त्यावर झडप घालते. ती वर काढली की पुंजक्याभोवती दबा धरलेले मासे काही वेळात पिल्ले फस्त करतात. स्मॉलमाउथ बासाचा नरही असाच घरटे राखतो. म्हणून उत्तर अमेरिकेत अनेक ठिकाणी विणीच्या काळात त्याच्यावर गळ टाकायला बंदी असते. महाराष्ट्राच्या समुद्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. पंचगंगेवर गळवाल्याला असा नियम पाळायला पंचांगही लागत नाही : तांबूस पुंजका दिसला की त्या जागी आमिष टाकायचे नाही, एवढे पुरते.