गोदावरीच्या वाळूत सोने का सापडत नाही? नदीत सोने शोधणाऱ्यांचा विस्मृत इतिहास

#धागा #मराठवाडा #इतिहास

१/ बीड जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून गोदावरी वाहते. उमापूर हे गाव त्याच गोदाकाठच्या गेवराई तालुक्यात आहे. येथील वाळू थाळीत घेऊन पाण्यात हलकेच फिरवली, तर तळाशी एक काळीभोर रेघ उरते. सोने मात्र उरत नाही. असे का, याचे उत्तर साडेसहा कोटी वर्षे मागे घेऊन जाते.

२/ प्रथम त्यामागील युक्ती समजून घेऊ. वाळूतील गारगोटीचा कण पाण्याच्या सुमारे अडीचपट जड असतो, सोने सुमारे एकोणीसपट. पात्र पाण्यात फिरवताना हलकी वाळू वाहून जाते आणि जड कण तळाशी बसतात. नदीतून सोने काढण्याची जगभरातील साधी पद्धत याच एका भेदावर उभी आहे.

३/ उमापूरच्या परिसरातील खडक काळा बेसाल्ट आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थरावर थर साचून दख्खनचे पठार घडले. या खडकात लोहयुक्त खनिजे विपुल आहेत. थाळीतील ती काळी रेघ त्यांचीच. तिच्यातील बरेचसे कण लोहचुंबकाला चिकटतात. सोने धारण करणाऱ्या गारगोटीच्या शिरा मात्र याहून कितीतरी प्राचीन खडकांत असतात.

४/ तरीही याच नदीकाठी सोन्याच्या कथा कमी नाहीत. उमापूरच्या वरच्या अंगाला प्रतिष्ठान, म्हणजे पैठण. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात पैठणहून भडोचला गाड्यांतून जाणाऱ्या मालाचा उल्लेख आहे. रोमचे पाच कोटी सेस्टर्स दरवर्षी भारतात जातात, अशी तक्रार प्लिनीने त्याच शतकात केली.

५/ पण सातवाहनांची नाणी पाहिली तर ती शिसे, पोटीन, तांबे आणि चांदीची. सोन्याची नाणी पाडण्याची प्रथा त्यांच्याकडे दिसत नाही. गोदाकाठी जे सोने आले, ते व्यापाराने आले. नदीने आणले नाही.

६/ निजामाच्या राजवटीत बीड जिल्हा हैदराबाद संस्थानात होता. त्याच संस्थानाच्या दक्षिण टोकाला, रायचूर जिल्ह्यात, हट्टीची सोन्याची खाण होती. तेथे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या खोदकामाच्या खुणा सापडल्या आहेत. कारण तेथील खडक बेसाल्टचा नव्हे, त्याहून अब्जावधी वर्षे जुना आहे. एकाच संस्थानात दोन भूमी आणि दोन नशिबे!

७/ मग मराठी मुलखात नदीतून सोने काढणारे कोणीच नव्हते काय? होते, परंतु ते पूर्वेला. वैनगंगेच्या खोऱ्यात बेसाल्टचे आवरण संपते आणि प्राचीन खडक उघडे पडतात. नागपूर जिल्ह्यातील परसोडी आणि कोलारी-भावरी या भागांत भूवैज्ञानिकांना सोन्याचे अंश आढळले आहेत.

८/ या प्रदेशात सोनझरा किंवा सोनझारी नावाचा समाज नदीपात्रातील वाळू धुऊन सोन्याचे कण वेचत असे. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांतातील जाती-जमातींवर प्रसिद्ध केलेल्या चार खंडांत त्यांची नोंद आहे. बालाघाट, मंडला, चांदा हे त्यांचे जिल्हे. नाव धंद्यावरून पडलेले: सोने झारणारे.

९/ त्यांची मिळकत किती असेल, याची कल्पना जुन्या मापांवरून येते. आठ गुंजांचा एक मासा, बारा माशांचा एक तोळा. म्हणजे एक गुंज साधारण एक अष्टमांश ग्रॅम. दिवसभर कमरेइतक्या पाण्यात उभे राहून हाती येणारे कण गुंजेच्या हिशेबात मोजावे लागत. सोने शोधणारा समाज श्रीमंत का झाला नाही, याचे उत्तर याच हिशेबात आहे.

१०/ बेसाल्टच्या प्रदेशातही ही विद्या होती, फक्त तिचे क्षेत्र वेगळे होते. सोनाराच्या दुकानातील केर, राख आणि गटारातील गाळ धुऊन सोने-चांदी काढणाऱ्याला मराठीत ‘झारेकरी’ म्हणत. निसर्गाने येथे सोने दिले नाही. तेव्हा माणसाच्या हातून सांडलेले सोनेच त्याने वेचले.

११/ या कामाला पारा लागे. पारा सोन्याचे सूक्ष्म कण आपल्यात सामावून घेतो. मग तो गोळा तापवला की पारा उडून जातो आणि सोने उरते. परंतु उडालेली वाफ विषारी असते. सराफी पेठेच्या झगमगाटामागे ही किंमतही कोणीतरी मोजत होते.

१२/ न्यूझीलंडमध्ये आज काही नदीकाठ हौशी शोधकांसाठी राखून ठेवले आहेत. कोणीही हातातील साधी अवजारे घेऊन परवान्याविना तेथे सोने शोधू शकतो. जे तेथे सुटीचा विरंगुळा आहे, ते वैनगंगेच्या काठी पोटाचे साधन होते. कृती एकच, तिचा अर्थ मात्र परिस्थितीने बदलला.

१३/ गोदाकाठच्या तरुण हौशी शोधकांनी एक कायदा जरूर लक्षात ठेवावा. १८७८ च्या निखात निधी अधिनियमानुसार जमिनीत दडलेला, दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणे बंधनकारक आहे. शिवाय नाणे ज्या थरातून उपसले गेले तो थर विस्कटला, की त्या नाण्याची अर्धी साक्ष नाहीशी होते.

१४/ एक शेवटची गोष्ट. वैनगंगा आणि वर्धा मिळून प्राणहिता होते आणि ती सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळते. म्हणजे सोनझाऱ्यांच्या मुलखातील पाणी अखेर गोदेतच येते. फक्त उमापूर मागे पडल्यावर, शेकडो किलोमीटर खाली. उमापूरच्या थाळीतील काळी रेघ रिकामी नाही. ती दख्खनच्या लाव्हाची साक्ष आहे, आणि ती वाचता येणे हीच येथील खरी कमाई.

#धागासमाप्त