उन्हाळ्यापुरते घर

पैठण तालुक्यातल्या पाचोडसारख्या गावी बसून एकनाथांविषयी काही वाचू लागले, की अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यातल्या समिट या गावाचे नाव हटकून समोर येते. भानुदास, एकनाथ, ‘भिक्षुगीता’, अंबाजोगाईचे दासोपंत, शिऊरच्या बहिणाबाई अशा आमच्याच परिसरातल्या संतमंडळींची इंग्रजी भाषांतरे 1926 पासून एका मालेतून प्रसिद्ध झाली. छपाई पुण्याची, प्रकाशकाचा पत्ता समिटचा. भाषांतरकार जस्टिन एडवर्ड्स ॲबट (1853–1932). आपल्या वाङ्मयेतिहासात त्यांची बोळवण ‘महिपतीचे भाषांतरकार’ एवढ्या एका ओळीत होते. त्या ओळीमागे एका परदेशस्थ कुटुंबाचे घर आहे, आणि भाषांतरांइतकेच ते घरही वाचण्याजोगे आहे.

अमेरिकन मराठी मिशनचे पहिले पाद्री 1813 मध्ये मुंबईत उतरले. 1831 च्या अखेरीस अहमदनगरला (आजच्या अहिल्यानगरला) ठाणे उघडले, आणि काही महिन्यांतच, 1832 मध्ये, तिथे आलेल्यांपैकी हर्वी पटकीने गेले. नव्या देशाने केलेले हे स्वागत मागून आलेल्या प्रत्येक कुटुंबाला ठाऊक होते. जस्टिनचे वडील एमॉस ॲबट 1834 मध्ये नगरला आले. मुलाचा जन्म अमेरिकेतला, पण बालपण नगरच्या मुलखातले.

या घरांची दिनचर्या ऋतूंवर बांधलेली असे. हिवाळ्यात तंबू आणि बैलगाड्या घेऊन खेडोपाडी दौरे, एरवी शाळा, उपासना, दवापाणी आणि मायदेशी पाठवायची लांबलचक पत्रे. पत्र जायला आणि उत्तर यायला महिनेच्या महिने लागत, तेव्हा घरातल्या जन्ममृत्यूच्या वार्ता पोहोचेपर्यंत शिळ्या झालेल्या असत. जेवणाच्या टेबलावर इंग्रजी, आणि उंबरठा ओलांडला की मराठी. आईवडील पंडितापुढे बसून व्याकरण गिरवीत. मुलांना तीच भाषा आया, माळी आणि गाडीवान यांच्याकडून फुकट मिळे. वडिलांची मराठी प्रवचनाची आणि मुलांची मराठी अंगणाची, हा भेद मला फार महत्त्वाचा वाटतो.

मग उन्हाळा येई. ज्यांना जमे ती कुटुंबे पुणे, वाई करीत महाबळेश्वर गाठत. सर जॉन माल्कम यांनी साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून 1829 मध्ये खंडाळा गावाच्या बदल्यात ही जागा मिळवून तिथे आरोग्यस्थान वसवले होते. पेठेला नावही माल्कमचेच. तिथल्या कैदखान्यातले चिनी कैदी बटाटे आणि युरोपी भाज्या पिकवीत. नगरच्या ठाण्याच्या संस्थापकांपैकी ॲलन ग्रेव्ह्ज प्रकृतीपायी इथेच राहिले आणि 1843 मध्ये इथेच वारले. म्हणजे मिशनच्या लेखी हे ठिकाण निव्वळ करमणुकीचे कधीच नव्हते. मुलांना ताप येऊ नये, बाळंतिणीला उकाडा सोसावा लागू नये, असा या सहलींमागचा हिशेब असे. डोंगरावरच्या गोऱ्यांच्या दफनभूमीवरून तो हिशेब नेहमी जुळत नसे, हेही दिसते.

तरी सहल ती सहलच. सकाळी धुक्यातून घोड्यावर किंवा पायी एखाद्या ‘पॉइंट’वर जायचे, दुपारी पुस्तके, संध्याकाळी ओळखीच्यांकडे चहा. कड्यांना नावेही घरातलीच: माल्कमची मुलगी केट, गव्हर्नर एल्फिन्स्टन, अधिकारी आर्थर मॅलेट. परक्या भूगोलाला कुटुंबातल्या माणसांची नावे देऊन त्याला आपलेसे करण्याची ही रीत. त्याच डोंगरावर क्षेत्र महाबळेश्वरी कृष्णेचा उगम, आणि तिथे येणाऱ्या यात्रेकरूंची याच मुलखाची वेगळी नावनिशी. थंड हवेसाठी आलेला आणि तीर्थासाठी आलेला, दोघे एकाच वाटेने चालत; संभाषण होई ते बहुधा मुलांमुळे, कारण फुकटची मराठी त्यांच्याच तोंडी होती. जूनमध्ये पाऊस कोसळू लागण्यापूर्वी सगळे बिऱ्हाड खाली उतरे.

‘होम’ या शब्दाचा घोळ इथूनच सुरू होतो. आईवडिलांच्या बोलण्यात घर म्हणजे अमेरिका, आणि मुलाने जाणतेपणी पाहिलेले घर मात्र दख्खनचे. शिक्षणासाठी मुलांना ‘घरी’ धाडणे हा मिशनरी कुटुंबांतला नेमाचा वियोग होता. जस्टिनही अमेरिकेत परतला, डार्टमथ महाविद्यालयात शिकला आणि 1881 मध्ये स्वतः मिशनरी होऊन मुंबईस आला. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895 मध्ये मुंबईत झाला, त्या काळातले टिळकांचे मित्र आणि आधार म्हणजे हेच ॲबटसाहेब; लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्यांना ते परके नाहीत.

1910 मध्ये निवृत्त होऊन ते समिटला स्थिरावले. धर्मप्रसाराचे काम मागे राहिले आणि मराठी उरली. लंडनच्या मार्सडेन संग्रहातले फादर स्टीफन्सच्या ‘क्रिस्तपुराणा’चे देवनागरी हस्तलिखित त्यांनी 1920 नंतरच्या पहिल्या वर्षांत अभ्यासकांच्या नजरेस आणले. मग संतमाला सुरू झाली. 1927 मध्ये ‘एकनाथ’, 1929 मध्ये बहिणाबाईंचे आत्मनिवेदन, 1930 मध्ये ‘तुकाराम’. पंडित नरहर गोडबोले यांच्यासह केलेला ‘भक्तविजय’ त्यांच्या मृत्यूनंतर, 1933–34 मध्ये निघाला.

पाद्रीबुवांचे हृदयपरिवर्तन झाले असा भाविक निष्कर्ष काढण्याचा मोह इथे होतो. तो टाळावा. ॲबट अखेरपर्यंत श्रद्धावान ख्रिस्ती होते. पण निवड बोलकी आहे. ज्ञानेश्वरीच्या तत्त्वज्ञानाकडे न वळता त्यांनी महिपती निवडला, म्हणजे कीर्तनात, ओट्यावर आणि अंगणात सांगितल्या जाणाऱ्या गोष्टी. महिपतीचे ताहराबाद राहुरी तालुक्यातले, आणि राहुरी हे मिशनचे एक ठाणे. वडिलांच्या प्रवचनाच्या मराठीपेक्षा मुलाच्या अंगणातल्या मराठीने ही निवड केली, असे मी समजतो.

या मालेतले तिसरे पुस्तक ‘भिक्षुगीता’, एकनाथी भागवताचा तेविसावा अध्याय. अवंतीचा कृपण ब्राह्मण धन, घर, सोयरे सारे गमावतो आणि मनाशी बोलत वाटेला लागतो. 1928 मध्ये हे पुस्तक निघाले तेव्हा ॲबट पंचाहत्तरीला टेकले होते, आणि पैठणच्या ओव्या समिटच्या टेबलावर इंग्रजीत उतरून छपाईसाठी पुन्हा बोटीने पुण्याच्या वाटेला लागत होत्या.